गोजरची सावड

धोंडीबाईची लेक चिमाबाई, चिमाबाईची लेक रखमा आणि रखमाची लेक गोजर. पुरुषांच्या पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात सापडतात. बायकांच्या पिढ्या चिखलात उमटतात आणि पाण्याने बुजतात, म्हणून त्या तोंडाने सांगाव्या लागतात. शहापुराकडच्या त्या खोऱ्यात या चौघींची ओळख एकाच गोष्टीने होती. त्यांच्या आवणीची रांग ओळंब्याने आखल्यासारखी असे, आणि त्यांनी कोणाची सावड कधी अंगावर ठेवली नव्हती.

सावड म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. भाताची रोपे काढून चिखलात लावण्याचे काम, म्हणजे आवणी, एका घराने उरकत नाही. आज तुम्ही माझ्या शेतात उतरा, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस, हाताला हात. त्यात दर नसतो आणि घासाघीस नसते. असते ती फक्त आठवण. धोंडीबाई ओली बाळंतीण असताना पोर बांधावरच्या झोळीत टाकून सावड फेडायला गेली होती. चिमाबाई अंगात हिवताप घेऊन चिखलात उभी राहिली. रखमाने तर ज्या वर्षी धरणाचे पाणी तिच्या स्वतःच्या खाचरात शिरले, त्या वर्षी आधी शेजारणीच्या शेतातला आपला दिवस भरला आणि मग उठवलेल्या घराचे वासे गाडीत चढवले.

अशा घराण्यातली गोजर. तिच्याकडून चूक झाली ती गरिबीने नव्हे. हातात चार पैसे आले म्हणून झाली.

तिचा नवरा काळूराम धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवीत असे. पलीकडच्या काठावर उंबरपाडा उरला होता, आणि तिथल्या माणसांना बाजार, दवाखाना, सगळे अलीकडे. नव्वदच्या सुमारास काळूरामाने मच्छिमारांकडून एक जुने मशीन घेतले आणि होडीच्या मागे बसवले. दोरी ओढली की ते भुंकत सुरू होई. माणसे हसत, पण बसत. गोजरलाही त्याने ते शिकवले, कारण त्याला दम्याचा त्रास होता आणि माणूस आपल्या मागचे पाहतो.

शहाण्णव सालच्या आषाढात काळूराम गेला. रोपे लावणीला आलेली, चिखलणी झालेली, आणि गोजर सुतकात. तेव्हा उंबरपाड्याची सरस्वती आपल्या पाड्यातल्या बायका घेऊन, वल्ही मारीत, पाणी ओलांडून आली. सरस्वती आणि गोजर एकाच वर्षी सासरी आलेल्या. पाण्याने गावे तोडली, तरी त्यांचे तुटले नव्हते. त्या बायकांनी गोजरचे सगळे शेत लावून दिले. ओटीवर बसलेल्या गोजरला त्यांचे गाणे ऐकू येत होते. सुतकाच्या घराजवळ आल्यावर त्या आवाज खाली घेत होत्या, हेही तिला कळत होते.

पुढच्या वर्षी फेडायची पाळी गोजरची. पण त्या पावसाळ्यात होडीला माणसे फार होती. शहापूरच्या कारखान्यात लागलेला तिचा मुलगा हरेश म्हणाला, "आई, चिखलात कंबर मोडण्यापरीस मजुरी पाठव ना. त्यांचं पण काम होईल, तुझा पण टाइम वाचेल." गोजरला ते पटले. पटले यापेक्षा आवडले. आपण आता रोख देऊ शकतो याची तिला मनातून थोडी ऐट वाटली. तिने प्रत्येक बाईची मजुरी रुमालात बांधून मासे मारणाऱ्या नथूच्या हाती उंबरपाड्याला धाडली.

रुमाल गाठीसकट परत आला. नथूने खाली मान घालून निरोप सांगितला. "सरसोती बोलली, आमी तिच्या चिखलात उतरलो तेवा दर नव्हता इचारला. तिला सांग, तिचा नवरा गेला तेवा मजुरीवर कोण रडत नव्हतं."

त्या दिवसापासून सरस्वतीने गोजरच्या होडीत पाय ठेवला नाही. बाजाराला जायचे तर रानातून, ओढे उतरून, अख्ख्या पाण्याला वळसा घालून ती चालत जाई. म्हसा गावच्या जत्रेत एकदा दोघी घोंगड्यांच्या दुकानासमोर समोरासमोर आल्या. सरस्वतीने हातातले घोंगडे खाली ठेवले आणि दुसऱ्या दुकानाकडे वळली. आणि पाड्याने ठरवले नाही, कोणी बोललेही नाही, पण गोजरला आवणीला बोलावणे बंद झाले. जी मजुरी देते तिला सावडीला बोलवीत नाहीत. ती मालकीण झाली; मालकिणीने बांधावर बसावे.

पुढे बांधही उरला नाही. हरेशने कल्याणला खोली घेतली तेव्हा शेत विकले. मुरबाडच्या कोणी माणसाने त्याला कुंपण घातले आणि आत आंब्याची कलमे लावली. गोजरने कागदावर अंगठा दिला; कल्याणला मात्र गेली नाही. दर आषाढात ती होडीत बसून पलीकडच्या काठावरच्या वाकलेल्या पाठी पाही. गाणे पाण्यावरून येई, शब्द वाटेत गळून जात, नुसता सूर पोचे.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात एका दुपारी नथू जाळे घेऊन होडीत बसला. म्हातारा झाला होता, तोंड मात्र तरणे होते.

"गोजरवयनी, तुजं मशीन खोकतंय. त्याला अडुळशाचा काढा पाज."

"तुज्या बिडीनं खोकतंय ते. धूर तिकडं सोड."

"बरं, एक बातमी हाये. देऊ का पाण्यात टाकू?"

"पोटात राहील का तुज्या? बोल."

"सरसोती बांधावरून घसरली. पाऊल भोपळ्यावानी सुजलंय. सून अनिता बाळंतपणाला शहापूरला सरकारी दवाखान्यात, अडली हाये म्हनं. पोरगा शेखर तिच्यापाशी. रोपं वाफ्यात उभी नि लावायला कुत्रं नाय."

"पाड्यात बाया हायेत की."

"हायेत. पन ती बोलवत नाय. बोलते, सून उठायची नाय दोन महिनं, माजा पाय असा, मी फेडू कशी? फेडता येनार नाय ते मागायचं नाय." नथूने बिडी पाण्यात टाकली. "रोपाला गाठी धराया लागल्या. आनखी चार दिवस गेलं, तर गुरांनाच घालायची. तुमी दोघी एकाच मुशीतल्या गो. येक मोडंल, दुसरी फुटंल, वाकनार कोनीच नाय."

 त्या संध्याकाळी गोजरने होडी ताणून बांधली, टाकीत पेट्रोल आणि ऑईल मिसळून भरले, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट आवळला.

सकाळी तिने लुगड्याचा काष्टा मारला, इरले घेतले आणि कोणाला न सांगता निघाली. सांगायला होते तरी कोण? सहा वर्षे तिने या निघण्याच्या बेताला मनात जागा दिली होती, आणि सहा वर्षे सकाळ झाली की काही ना काही निमित्त निघत होते. आज परत फिरलो तर पुन्हा आपला पाय उचलणार नाही, हे तिला स्वच्छ ठाऊक होते.

पाणी ढगांच्या रंगाचे होते. काठ मागे पडला, आणि फुगवट्याच्या ऐन मध्यावर मशीनचा आवाज बसू लागला. ते धापा टाकू लागले, दोनदा उचकले आणि थांबले. मग एकदम शांतता झाली. पाण्यावरची शांतता घरातल्या शांततेपेक्षा मोठी असते. घरात निदान भिंती असतात.

वारा पश्चिमेचा होता. तो होडीला हळूहळू, मायेने लोटावे तसा, घराकडे लोटू लागला. वल्हे एकच होते आणि त्या वाऱ्यापुढे ते पुरणार नव्हते. काही न करता नुसते बसून राहिले असते, तर घटकाभरात ती आपल्या काठाला लागली असती. मशीन बिघडले, मी काय करू, असे म्हणता आले असते, आणि कोणी नाव ठेवले नसते. गोजरला ते निमित्त दिसले, आणि ते किती सोयीचे आहे तेही दिसले. तिने दात आवळले.

"आधी पोट बघ, मग नाडी," काळूराम म्हणत असे. "धापा टाकत मेलं तर ते उपाशी हाये. सुरीनं कापल्यावानी मेलं तर नाडी तुटली."

हे धापा टाकत मेले होते. तिने टाकी हलवली, पेट्रोल होते. नळीतला रबरी फुगा दाबला, तर तो चिपटलेलाच राहिला, सुकलेल्या स्तनासारखा. तेव्हा तिला काल संध्याकाळ आठवली. तिने झाकणावरचा स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा आत शिरली. टाकीचे तोंड आपणच आवळून ठेवले होते, मग ती देणार कशी? फुगा दाबता दाबता टणक झाला. तिने दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन भुंकले.

होडी पुन्हा पश्चिमेला वळली, आणि थोडे अंतर जाते न जाते तोच पुन्हा तीच उचकी. या वेळी तिने मशीनचे वरचे झाकण काढले. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत, तळाशी, पाण्याचा एक थेंब वेगळा बसला होता. पेट्रोलात पाणी मिसळत नाही. खाली जाऊन बसते आणि वाट अडवते. पेट्रोलच्या डब्याचे बूच सैल राहून पाऊस गेला असणार. तिने वाटी सोडवली, रिकामी केली, लुगड्याच्या कोरड्या टोकाने आतून पुसली आणि परत बसवली. मग टाकीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सारला, म्हणजे उरलेले पाणी नळीपासून लांबच्या कोपऱ्यात साचेल. हे करीपर्यंत वाऱ्याने तिला कमावलेल्या अंतराच्या निम्मे मागे आणले होते.

मशीन सुरू झाले. आवाज आता साफ होता. उंबरपाड्याचा उंबर दिसू लागला, वाफ्यांतली रोपांची हिरवी चौकट दिसू लागली. आणि तेवढ्यात मशीन मेले. ना उचकी, ना धाप. सुरीने कापल्यासारखे.

"नाडी," गोजर मोठ्याने म्हणाली. आपलाच आवाज ऐकून ती दचकली. कालपासून ती कोणाशी बोलली नव्हती.

बंद करण्याच्या बटणाला अडकवायची लाल दोरी, चालवणारा पाण्यात पडला तर ओढली जाऊन मशीन थांबवणारी, जागच्या जागी होती. तिने नळी काढून ठेवली, सांडलेले पेट्रोल पुसून हात धुतले आणि वारा लागू दिला, कारण ठिणगी पाहायची तर आधी आग लागेल असे काही जवळ ठेवू नये, हे काळूरामाने तिला बजावले होते. मग पान्याने वरचा प्लग काढला, त्याची टोपी तशीच ठेवून तो मशीनच्या लोखंडाला टेकवला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. काही नाही. पुसून पुन्हा ओढली. तरी नाही. खालचा प्लग काढला, तोही आंधळा.

ती बसून राहिली. पाऊस भुरभुरू लागला होता. तिने इरले स्वतःवर न घेता मशीनवर धरले. अशा वेळी काळूराम काय करी? तो आधी शिव्या देई, मग हसे, मग म्हणे, विचार कर. तिने विचार केला. दोन बैल एकाच क्षणी लंगडत नाहीत. दोन्ही प्लग एकदम मरत नाहीत. तेव्हा दोष प्लगांत नव्हता; दोघांची वाट जिथे एक होते तिथे होता. दोघांना एकदम गप्प करणारी वस्तू मशीनमध्ये एकच होती, ते बंद करायचे बटण.

बटणाची वायर ती बोटाने चाचपत गेली. जिथे ती झाकणाच्या कडेला घासत होती तिथे तिचे वरचे आवरण झिजून गेले होते आणि आतले तांबे ओल्या लोखंडाला टेकले होते. कोणी बटण दाबले नव्हते, तरी ते दाबल्यासारखेच होते. सगळी ठिणगी तिथल्या तिथे लोखंडात जिरून जात होती. गोजरने वायरचा जोड सोडवला आणि सुटे टोक प्लास्टिकच्या पिशवीच्या फितीत गुंडाळून बाजूला बांधले. प्लग टेकवला, दोरी ओढली. टचकन एक निळी ठिणगी उडाली.

आता हे मशीन बटणाने बंद होणार नव्हते, लाल दोरीनेही नाही. गोजर पाण्यात पडली असती, तर होडी तिला न विचारता एकटीच पुढे निघून गेली असती. हे तिने जाणले, मांडी घट्ट रोवून बसली, आणि निघाली.

उंबरपाड्याच्या काठाशी तिने नळी काढली, तरी पोटातले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत मशीन ओरडतच राहिले. शेवटी तिने चोक खेचला तेव्हा ते गुदमरून थांबले. शेतातल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वरात आली का गो, गोजरआक्का?" एकीने हाक दिली. "नवरा कुठं हाये?"

"मागून येतोय. त्याला वर्गणी काढा," गोजर म्हणाली आणि चालू लागली.

सरस्वती आपल्या बांधावर बसली होती, पाय पुढे पसरलेला, त्यावर हळदीचा लेप. तिने गोजरला येताना पाहिले आणि नजर रोपांवर ठेवली.

"मजुरीचा काय दर चाललाय आताशा?" तिने रोपांनाच विचारल्यासारखे विचारले.

"ठाव नाय. मी मजुरीला नाय आले."

"मग? पाय बघाया आलीस? बघ. सुजलाय. झालं?"

"सावड हाये माज्या अंगावर. ती फेडाया आले."

"सहा वरसांनी?"

"सहा वरसांनी. चूक माजी होती, सरसोती. मजुरीनं फिटत असतं, तर माज्या आयनं बुडत्या घरातून येऊन दिवस भरला नसता. मला हे ठाव होतं, तरी मी पैसे धाडले."

 पाऊस सरस्वतीच्या लेपाची हळद बोटांवरून वाहवीत होता.

"रांग वाकडी लागली तर उपटायला लावीन," ती शेवटी म्हणाली.

"धोंडीबाईची पनती हाये मी. तुज्या सुनंची रांग बघ आधी."

गोजर चिखलात उतरली. पहिल्या दिवशी तिची कंबर तिला शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी कंबर आणि ती दोघीही गप्प झाल्या. रात्री ती सरस्वतीच्याच घरी राहिली. सरस्वती बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून देई आणि तोंडाचा पट्टा चालवी. कोण मेले, कोणाचे लग्न मोडले, कोणत्या पोरीने वैशाखरे गावच्या कोणाचा हात धरला, सहा वर्षांचे सगळे. गोजर वाकल्या वाकल्या हूं म्हणे, कधी हसे, आणि हसताना तोल जाऊन चिखलात हात टेकी. शहापूरहून निरोप आला की अनिता सुटली, मुलगी झाली. सरस्वतीने गूळ वाटला आणि पहिला खडा गोजरच्या चिखलाच्या हातांमुळे तिच्या तोंडातच घातला.

बाकीच्या बायकांचे दिवस सरस्वतीने केव्हाच त्यांच्या शेतात उतरून फेडले होते, म्हणून गोजरचे सगळे देणे तिच्या एकटीकडेच उरले होते. शहाण्णवच्या आषाढात गोजरचे जेवढे शेत लावले गेले होते, तेवढे होत आले. शेवटच्या खाचराच्या शेवटच्या कोपऱ्यात एका मुठीची जागा उरली.

ती मूठ हातात घेऊन गोजर थांबली. तोवर तिच्या मनात फक्त फेडणे होते. फेडल्यानंतरचे तिने पाहिले नव्हते. ते आता, घोट्याएवढ्या पाण्यात उभी असताना, तिला दिसले. उंबरपाड्याच्या बायका एकमेकींच्या शेतात जातील, आज ही तिच्याकडे, उद्या ती हिच्याकडे, आणि त्यांची देणी कधी पुरी फिटणार नाहीत. न फिटण्यातच त्यांचे जाणे-येणे आहे. तिचे शेत कुंपणाच्या आत आंब्याखाली गेले. तिच्या चिखलात आता कोणी उतरायचे नव्हते, म्हणून तिने कोणाकडे यावे असेही काही उरणार नव्हते. या पाण्यापलीकडे तिला बांधून ठेवणारी एकच दोरी होती, ती या देण्याची. ती मूठ तिथेच बांधावर विसरली असती, तर उद्या यायला कारण राहिले असते.

"काय झालं गो? कंबर धरली?" सरस्वतीने विचारले.

"नाय."

सरस्वतीने तिच्याकडे पाहिले. तिलाही ते कळले असावे. पण ती काही बोलली नाही, आणि बोलली नाही हेच बरे केले. अशा वेळी जी दुसरीला देणे बुडवायला सांगते ती मैत्रीण नव्हे.

गोजर वाकली. तिने मुठीतली रोपे दोन-दोन, तीन-तीन करून सुटी केली आणि घाई न करता, आधीच्या रांगेला रांग लावून, एकेक चिखलात खोचली. शेवटचे रोप लावून तिने त्याच्या बुडाशी अंगठ्याने चिखल दाबला. मग ती सरळ उभी राहिली.

"फिटली गो, गोजर," सरस्वती सगळ्या शेतांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुजी सावड फिटली. माजं तुज्याकडं आता काय बी राहिलं नाय."

"नाय राहिलं," गोजर म्हणाली, आणि पाटाच्या वाहत्या पाण्यात आपले हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतले.